जाण्यापूर्वी पुसा

"पॉझिटिव्ह म्हंजे चांगलाच ना?" म्हातारा व्हरांड्यात उभा राहून दिसेल त्याला विचारत होता. तोंडभर हसत होता. "सुनंचा रगत पॉझिटिव्ह हाय. आतल्या टीव्हीवर लिवलाय. नाव पन हाय. मी सोता वाचला."

शनिवार होता, व्हरांडा भरलेला होता. सून बाकावर बसली होती. सातवा महिना. पायांना सूज होती म्हणून तिनं चपला काढून ठेवल्या होत्या. शेजारी सासू. एका रिक्षावाल्यानं विचारलं, "कसली तपासणी केली, काका?"

"ती नवीन निघालीय ना, ती. एच्चायवी का काय."

रिक्षावाला बाकावरून उठलाच. "काका, हळू बोला. एड्स झालाय तिला."

हळू बोला असं तो म्हणाला, पण मोठ्यानं म्हणाला. बाकावरची माणसं एकेक करून उठली. सासूच्या हातात स्टीलचा डबा होता. थोड्या वेळापूर्वी दोघी त्यातूनच जेवल्या होत्या. सासूनं डबा बाकाखाली ठेवला आणि पुन्हा उचलला नाही. सून विचारत होती, "आई, काय झाला? आई, काय झाला?" म्हातारा आणि म्हातारी फाटकाकडे चालायला लागले. ती उठली, सुजलेले पाय चपलांत घालायला लागली. चपला पायात जाईनात. तोवर ती दोघं टमटममध्ये बसून गेली होती.

मी फिनाईलची बादली घेऊन तिथंच उभी होते. हॉस्पिटलात झाडूपोछा करायचं माझं काम. नव्वद सालानंतरची गोष्ट. तिचं नाव मी लिहीत नाही. एकदा सगळ्यांनी वाचलं ते पुरे.

लिहायचं आहे ते आमच्या कॉम्प्युटरवाल्या सरांबद्दल. त्या दिवशी जे झालं ते होऊ नये म्हणून पनवेलात सगळ्यांत जास्त धडपडलेला माणूस तोच, आणि ते झालं तेही त्यांच्याच हातानं.

हॉस्पिटल ट्रस्टचं होतं. तिथं कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्याबरोबर सर आले. एक मोठं मशीन थंड खोलीत होतं. तिथून वायरी निघून केसपेपरच्या खिडकीत, बिलाच्या खिडकीत आणि लॅबमध्ये गेल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी टीव्हीसारखा एक डबा, काळ्या काचेवर हिरवी अक्षरं. पहिल्या आठवड्यात मी ओलं फडकं घेऊन ती काच घासत बसले. अक्षरं जाईनात. मला वाटलं कोणी रंगानं लिहिलंय. मागून सर म्हणाले, "मावशी, धूळ तुम्ही पुसा. अक्षरं आतून पुसावी लागतात, ती मी पुसतो."

उंच, वाकलेला माणूस. शर्टाची सगळी बटणं लावलेली, गळ्याजवळचंसुद्धा. घर गावातच, तळ्याच्या बाजूला. ते बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. जुनी माणसं त्या लोकांना शनिवार तेली म्हणत, कारण पूर्वी त्यांचे तेलाचे घाणे शनिवारी बंद असत. सरांच्या घरी घाणा नव्हता, पण शनिवार होता. शनिवारी ते कामावर येत नसत, मशीनला हात लावत नसत. त्यांचे सगळे नातेवाईक तिकडे त्यांच्या देशात निघून गेले होते. हे आणि आई, दोघंच मागं राहिले होते. मी एकदा विचारलं, "तुम्ही का नाही गेलात?" म्हणाले, "आईला तिकडची भाजी आवडणार नाही."

त्यांचं एकच वाक्य होतं. "मागच्याचं पुढच्याला दिसता कामा नये." दिवसातून कितीदा म्हणत त्याला हिशेब नाही. मशीनबाबत म्हणत, आणि बाकी सगळ्याबाबतही. फोन ठेवला की रुमालानं पुसत. फळ्यावर काही लिहिलं की दुसरा माणूस खोलीत यायच्या आत पुसत. चहा संपला की ग्लास धुऊन पालथा घालत, मी आहे म्हटलं तरी. एसटीचं तिकीट उतरल्यावर फाडून त्याचे इतके बारीक तुकडे करत की वाटावं त्यात काही लफडं आहे.

मशीनचं मला त्यांनी समजावून सांगितलं ते असं. माणूस आणि मशीन यांच्या मध्ये एक कवच असतं, त्याला शेल म्हणतात. माणूस आपलं नाव आणि खुणेचा शब्द सांगून आत शिरतो, काम करतो, आणि लॉगआऊट म्हणून बाहेर पडतो. बाहेर पडताना मशीन त्या माणसाच्या नावानं ठेवलेली एक चिठ्ठी वाचतं आणि तिच्यात असेल तसं करतं. सरांनी प्रत्येकाच्या नावानं अशी चिठ्ठी आत लिहून ठेवली होती. तिच्यात एकच हुकूम. पडदा पूस. चिठ्ठीचं नाव टिंबानं सुरू व्हायचं, म्हणून ती सहज कोणाला दिसायची नाही.

"म्हणजे पंगत उठली की पोतेरं," मी म्हटलं. "दुसरी पंगत खरकट्यावर बसवायची नाही."

पोतेरं हा शब्द त्यांना आवडला नाही. दुसऱ्या दिवशी बिलाच्या क्लार्कला मात्र तेच सांगत होते.

पण त्या चिठ्ठीत एक खोट होती. माणूस बाहेर पडतो असं सांगेल तरच मशीन ती वाचणार. नुसता उठून गेला तर काही नाही, त्याचं काम तसंच काचेवर हिरवं हिरवं दिसत राहणार. आणि लोक नुसतेच उठायचे. पुन्हा आत शिरायचं म्हणजे नाव टाका, शब्द टाका, मशीन जागं व्हायची वाट बघा. कोण करणार? सर एका खिडकीतून दुसऱ्या खिडकीकडे पळत. कोणी चहाला गेलं, कोणी लघवीला गेलं, सर त्याच्या जागी उभे राहून ते काचेवरचं मिटवत. लॅबच्या बाई म्हणायच्या, "सर, तुमच्या मशीनला सोवळं फार." क्लार्क तर दारातून त्यांची सावली दिसली की ओरडायचा, "आले, आले! पुसणीस आले!" फडणीस, चिटणीस, तसे हे पुसणीस. नाव चिकटलं. डॉक्टरसुद्धा पाठीमागं तेच म्हणत.

सर रागवत नसत. म्हणत, "तुमचा दोष नाही. आपल्याकडे उठताना कोणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. तुम्ही सगळे येतो म्हणून उठता. मशीनला जातो म्हणून सांगावं लागतं."

क्लार्क म्हणाला, "जातो कशाला म्हणू सर? अशुभ असतं."

हे सगळं वेड कुठून आलं ते त्यांच्या आईनं मला सांगितलं. त्या घरी मी कधी कधी दळण पोचवायला जात असे. सर लहान असताना त्यांच्या वडिलांना क्षय झाला होता. दवाखान्यात गर्दी होती. कंपाउंडरनं औषधाची बाटली पुढं करताना वडिलांचं नाव घेतलं आणि त्यालाच जोडून रोगाचं नाव घेतलं, हाक मारल्यासारखं. वडील बरे झाले. पण सरांच्या बहिणीचं ठरलेलं लग्न मोडलं ते मोडलंच, पुन्हा कोणी विचारलं नाही. "कंपाउंडर वाईट नव्हता गं," म्हातारी म्हणाली. "त्याचा आवाजच तेवढा होता."

आता पाटीचं सांगते. लोक ऐकत नाहीत म्हणून सरांनी लाकडाच्या पाट्या स्वतः रंगवल्या. इंग्रजीत लिहिणार होते, पण ट्रस्टनं सांगितलं की हॉस्पिटलात पाट्या मराठीतच पाहिजेत. म्हणून त्यांनी लिहिलं, "जाण्यापूर्वी पुसा." अक्षर सुंदर होतं. प्रत्येक कॉम्प्युटरच्या वर एकेक पाटी टांगली. लॅबमधला कॉम्प्युटर दाराजवळच होता, त्यामुळे तिथली पाटी व्हरांड्यातून सरळ वाचता यायची.

शहरातली माणसं पुसा म्हणजे पुसून टाका असं वाचायची. खेड्यातून आलेली जुनी माणसं पुसा म्हणजे विचारा असं वाचायची. दोन्ही बरोबरच आहे. थोड्याच दिवसांत बिलाच्या खिडकीशी एक म्हातारा पागोटं काढून उभा राहिला. क्लार्क म्हणाला, "काय पाहिजे बाबा?"

"काय नाय. पुसाया आलो. जाऊ का?"

"जा की!"

"नाय, लिवलाय म्हनून पुसला."

असे पुष्कळ यायला लागले. क्लार्क वैतागला, बाकी सगळे हसून हसून मेले. मीही हसले. सर तर डोळे पुसेपर्यंत हसले. त्यांना तसं हसताना मी तेवढंच पाहिलं. म्हणाले, "विचारू दे. विचारणं काही वाईट नाही. जाताना विचारून जाणारी माणसं आता राहिलीत कुठं?" पाट्या तशाच राहिल्या.

मग तो शनिवार आला. सर घरी. त्या म्हाताऱ्याला डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता जा, सोमवारी या. तो निघाला. निघताना लॅबची पाटी वाचली. वाचता येत होतं त्याला, कुठल्या तरी कंपनीत वॉचमन होता, इंग्रजी अक्षरंही लावता यायची. लिहिलंय म्हणून तो विचारायला आत गेला. खुर्चीवर कोणी नव्हतं. लॅबच्या बाई आत्ता येते म्हणून उठल्या होत्या. समोर काच होती. पुढचं वर सांगितलं आहे.

सोमवारी सर आले तेव्हा त्यांच्या कानावर आधीच गेलं होतं. लॅबच्या बाई रडत होत्या. "सर, मी आत्ता येते म्हणूनच उठले होते हो." सरांनी मला बाजूला घेतलं.

"मावशी, तो माणूस लॅबमध्ये शिरला कशाला? तिथं तर कोणाला जाऊ देत नाहीत."

मी म्हटलं, "पुसायला."

ते पाटीसमोर जाऊन उभे राहिले. खूप वेळ ती वाचत राहिले, पहिलीतलं पोर वाचतं तशी, अक्षर अक्षर लावून. मग पाटी काढली आणि काखेत धरून थंड खोलीत गेले. दार लावून घेतलं.

सून तोवर वॉर्डातल्या कोपऱ्यातल्या खाटेवर होती. सिस्टरनी ठेवून घेतलं होतं, पण किती दिवस ठेवणार? माहेरी फक्त भाऊ. त्यानं निरोप पाठवला, इकडं येऊ नको, माझ्या पोरी लग्नाच्या आहेत. नवरा टँकरवर होता, लांबच्या खेपेला गेलेला. सासरनं परत घेतलं नाही तर ती पोटातल्या पोरासकट रस्त्यावर होती. एवढा साधा हिशेब होता.

सर म्हणाले, आपण त्यांच्या घरी जाऊन सांगू. मला बरोबर घेतलं, बायकांशी बोलायला. पळस्प्याच्या पुढं आत त्यांचं गाव. म्हातारा अंगणात बसला होता. बसा म्हणाला नाही.

सर उभ्यानंच बोलले. "काका, एका तपासणीवर काही ठरत नाही. ती परत करावी लागते. आणि हा रोग बाईला बहुतेक वेळा नवऱ्याकडूनच येतो. तुम्ही मुलाचीही तपासणी करा. तिला टाकू नका."

दारातून सासू म्हणाली, "आमच्या पोराची कशाला? तो धडधाकट हाय. टँकर चालवतंय. तीच कुटं कुटं मजुरीला जायची. आमाला काय म्हाईत?"

मी म्हटलं, "वहिनी, शेवटचे महिने आहेत तिचे. देवाला घाबरा."

"देवाला घाबरतो म्हनूनच घरात घेत नाय. घरात नातवंडा हायेत."

म्हातारा सरांकडे बघत होता. "तो बोर्ड तुमीच लिवलाव ना? जान्यापूर्वी पुसा?"

"हो. मीच."

"मंग? लिवला म्हनून मी पुसाया आत गेलो. कोन नव्हता. टीव्ही पुढ्यात होता. माजी काय चूक?"

"तुमची चूक नाही."

"मंग कोनाची?"

म्हातारा उठून उभा राहिला. तो ओरडत नव्हता. मला वाटतं त्यालाही रडू येत होतं. "तुमी पुसनारं ना? आता अख्ख्या गावाला म्हाईत झाला. पानी भरताना बाया आमच्या हंड्याला हंडा लावत नाय. आता ता पुसा. पुसा ना!"

परत येताना आम्ही हायवेच्या कडेनं नाक्यापर्यंत चालत आलो. ट्रक अंगावरून जात होते. नाक्यावर एसटीची वाट बघताना सर म्हणाले, "मावशी, दुसरा शब्द होता. मिटवा लिहायला हवं होतं."

मी म्हटलं, "मिटवा लिहिलं असतं तर लोक भांडण मिटवायला आत आले असते."

दोघंही हसलो नाही.

त्यानंतर सरांनी मशीनलाच बदललं. आता माणसानं जातो म्हणायची वाट ते बघत नव्हते. बटणांवरचा हात जरा थांबला की मशीन आपणहून त्या माणसाला बाहेर काढायचं आणि पडदा पुसून टाकायचं. डॉक्टर लिहिता लिहिता पेशंटकडे वळले की सगळं साफ. क्लार्क नोटा मोजेपर्यंत बिल साफ. दिवसभर शिव्या. क्लार्क आता पुसणीस म्हणून चेष्टा करत नव्हता, दात खाऊन म्हणत होता. ट्रस्टच्या सेक्रेटरींनी बोलावलं. मी बाहेर लादी पुसत होते, सगळं ऐकू येत होतं.

"अहो, लोक लिहितात ते राहायला नको का?"

"राहतं साहेब. लिहून झालेलं सगळं आत राहतं. फक्त दिसत नाही."

"आम्हाला दिसायला पाहिजे!"

"तुम्हाला दिसलं म्हणजे सगळ्यांना दिसतं."

"सर, ते पूर्वीसारखं करा."

"नाही करणार."

त्यांना घरी बसवलं. नवीन माणूस आला. त्यानं हे तर काढलंच, टिंबवाल्या चिठ्ठ्याही काढून टाकल्या, कारण त्या कशाला आहेत ते त्याला कळलं नाही. पुढं मी नोकरीत असेपर्यंत त्या हॉस्पिटलात कोणी पडदा पुसला नाही. जाणारा येणारा वाकून बघायचा, कोणाला काय झालंय ते.

सुनेला सरांच्या आईनं नेलं. म्हातारी रिक्षा करून स्वतः आली, वॉर्डात काठी टेकत गेली आणि म्हणाली, "चल गं पोरी. आमच्याकडे खोल्या रिकाम्या आहेत. सगळे गेलेत." सिस्टर म्हणाल्या, "आजी, तिला काय झालंय माहीत आहे ना?" म्हातारी म्हणाली, "मी ऐंशीची आहे. मला आता काय नवीन व्हायचंय?"

दुसरी तपासणीही तशीच आली. बाळंतपण सरकारी दवाखान्यात झालं. मुलगी झाली. दात यायच्या आत ती गेली. नवरा खेपेवरून आला, एकदा तळ्यापाशी येऊन लांबून बघून गेला. आपल्याला काही नाही म्हणायचा. मग तोही खंगत गेला आणि मेला. सासू शेवटपर्यंत सांगत होती की सुनेनं दिलं. म्हातारा काही सांगत नव्हता. तो बोलायचाच बंद झाला, असं त्यांच्या गावची भाजीवाली म्हणायची.

सर घरी बसले ते बसलेच. दुसरी नोकरी मिळाली असती, मुंबईत तेव्हा अशा माणसांना मागणी होती. गेले नाहीत. मी जायची तेव्हा ते काही ना काही पुसत असायचे. टेबल, खिडकीची काच, मग पुन्हा टेबल. फाटकावरची नावाची पाटी त्यांनी पत्र्यानं खरवडून काढली, पोस्टमनला घर सापडेना. आई ओरडायची, "अरे, निदान माझं नाव तरी ठेव!" ते म्हणायचे, "मागच्याचं पुढच्याला दिसता कामा नये." वाक्य तेच होतं, पण आधी त्यात काही अर्थ होता. त्या घरात सुनेशी ते फारसं बोलत नसत. तिच्यासमोर आले की मान खाली. ती एकदा मला म्हणाली, "मावशी, मला बोलायचा हाय त्यांच्याशी, की माजा राग नाय. पन ते उभंच राहात नाय."

म्हातारी गेली. त्यानंतर सरांना ताप यायला लागला. साधा ताप होता, वेळेवर गोळ्या घेतल्या असत्या तर उतरला असता. दवाखान्यात चला म्हटलं की म्हणत, केसपेपर काढावा लागेल, नाव सांगावं लागेल. मी चिडले. म्हटलं, "सर, तुमच्या तापाचं कोण काय करणार आहे? वाचू दे की लोकांना." ते भिंतीकडे तोंड करून झोपले. डॉक्टर घरी बोलावला तर त्याला नाव सांगेनात. सुनेनंच त्यांचं सगळं केलं, पेज भरवली, अंथरूण धुतलं. ज्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं त्या हातचं पाणी ते प्याले. पण औषध नाही प्याले. त्यांच्यातली चार माणसं आली आणि त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना पुरून गेली. दगडावर नाव कोरायचं का असं त्यांनी तिला विचारलं. ती म्हणाली, "नको."

घर पुढं कोणा लांबच्या नातेवाइकानं विकलं. तिला निघावं लागलं. ती विचुंब्याला भाड्याच्या खोलीत गेली, नवीन पनवेलच्या बिल्डिंगांमधून पोळ्या करायला लागली. कोणाला काही सांगितलं नाही. मध्ये दोनदा आता ही जाते असं मला वाटलं होतं. गेली नाही. सरकारी दवाखान्यात गोळ्या फुकट मिळायला लागल्या, तोवर तिनं तग धरला.

परवा बाजारात दिसली. केस पांढरे झालेत, चष्मा लागलाय. भेंडी मोडून बघत होती आणि भाजीवाल्याशी भांडत होती.

मुलगी गेली, नवरा गेला, सर गेले. ती जगली.